यंत्राचा गौरव, अक्षराची हेळसांड

संगणकाच्या इतिहासांतील टप्पे सांगावयाचे म्हटले कीं, आमच्या सुशिक्षितांच्या तोंडीं एक ठरलेली मालिका येते: १९६० सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सुरू झालेला ‘टिफ्रॅक’, १९९१ सालीं पुण्यास सिद्ध झालेला ‘परम ८०००’ आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्यांस खुलें झालेलें इंटरनेट. ह्या टप्प्यांचा अभिमान रास्तच आहे. परंतु मराठीच्या दृष्टीनें ज्याचें मोल ह्या साऱ्यांहून अधिक, तो टप्पा ह्या मालिकेंत कोणी घालीत नाहीं. १९९१ सालींच भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ हें प्रमाण ठरलें, आणि त्याच वर्षीं ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें.

त्यांत एवढें विशेष तें काय, असें कोणी विचारील. संगणक अक्षर जाणत नाहीं. तो अंक जाणतो. जुन्या खासगी फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या अंकावर मराठी अक्षराची केवळ आकृति चढविलेली असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर हा मुखवटा गळून पडे आणि मागें इंग्रजी अक्षरांचा अर्थशून्य खच उरे. युनिकोडनें प्रत्येक अक्षरास त्याचा स्वतःचा अंक दिला. ‘क’ म्हणजे २३२५. मग यंत्र नगरचें असो वा न्यूयॉर्कचें.

असें असूनहि आमचे कित्येक लेखक व मुद्रक खासगी फॉन्टांसच चिकटून राहिले. त्यांचे बचाव तीन. पहिला, त्यांत अक्षर सुबक दिसतें. पण युनिकोडांत सुबक अक्षर घडविण्यास कोणी मनाई केली आहे काय? दुसरा, हाताला तीच सवय आहे. एकाच्या हाताची सवय मोडूं नये म्हणून साऱ्या भाषेचें नुकसान करावयाचें, हा न्याय अजब होय! तिसरा, हवें तेव्हां रूपांतर करतां येतें. येतें खरें, परंतु रफार व जोडाक्षरें बिघडतात, आणि मग ओळन् ओळ तपासावी लागते. ती कोण तपासणार? प्रस्तुत लेखकानें १९९८ सालीं टंकून घेतलेलीं स्वतःचीं व्याख्यानें आज उघडलीं, तर एकहि मराठी शब्द दिसत नाहीं. दोष आमचाच, म्हणूनच हा आग्रह.

आमच्याच जिल्ह्यांत, नेवाशास, शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें शके १५०६ मध्यें एकनाथांनीं तिचा पाठ शुद्ध केला. पोथ्यांत अपपाठ शिरले होते. पण जवळजवळ तीनशें वर्षांनींहि अक्षर वाचतां येत होतें. आमचें लिखाण तर तीस वर्षेंहि टिकेना!

तेव्हां लेखकानें मुद्रकाकडून युनिकोडांतील प्रत मागून घ्यावी, ग्रंथालयांनीं तीच जतन करावी, आणि जुनें लिखाण तें समजणारीं माणसें हयात आहेत तोंवर सोडवून घ्यावें. अपपाठ असतील, तर पुढचा एखादा एकनाथ ते शुद्ध करील. पण अक्षरच उरलें नाहीं, तर त्यानें काय शुद्ध करावें?