राजकन्येचे उत्तर

उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी शाळेच्या ग्रंथालयाची कपाटे झाडण्याचा कार्यक्रम दरवर्षी होतो. यंदा वाळवी लागलेली पुस्तके वेगळी काढताना तळाशी एक जुनी ओळख भेटली. पुठ्ठा गेलेला, पाने पिवळी पडलेली, परंतु नाव शाबूत: ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’. शाळकरी वयात याचीच संक्षिप्त आवृत्ती आम्ही वाचली होती. हे नाव देवनागरीत लिहिले की मोठा घोटाळा होतो. आमच्या वर्गातील एका मुलाने ‘झेंड्याचा कैदी’ म्हणजे कोणी स्वातंत्र्यसैनिक असणार, असे ठामपणे सांगितले होते. झेंडा हे एका गावाचे नाव आहे आणि तेथील गढीत एक राजा कोंडलेला आहे, हे कळल्यावर त्याची फार निराशा झाली.

अँथनी होप हॉकिन्स हे लंडनमधील एक बॅरिस्टर. १८९३ च्या नोव्हेंबरात एक खटला जिंकून न्यायालयातून पायी परतत असताना त्यांना ही कथा सुचली आणि महिन्याभरात तिचा कच्चा खर्डा तयार झाला. १८९४ मध्ये ‘अँथनी होप’ या नावाने पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि ते इतके खपले की लेखकाने वकिलीला रामराम ठोकला. कथेतील रूरिटेनिया हे राज्य सर्वस्वी काल्पनिक. ड्रेस्डेनवरून आगगाडीने पुढे गेले की लागणारे. परंतु ते नाव इंग्रजी भाषेत असे रुजले की कोणत्याही चिमुकल्या, झगमगीत आणि कारस्थानी राज्याला आजही तेच विशेषण लावतात. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी याच कथेवरून ‘झिंदेर बंदी’ लिहिली आणि ते राज्य आणून ठेवले आपल्या मध्य भारतात. १९६१ मध्ये तपन सिन्हा यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात उत्तमकुमार आणि सौमित्र चॅटर्जी होते. मध्य भारताची निवड मला अगदी स्वाभाविक वाटते. माझे आजोबा होळकर सरकारच्या दप्तरात कारकून होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. आजीच्या बोलण्यातील ‘सरकार’ मात्र तिच्या अखेरीपर्यंत विलीन झाले नाहीत. आमच्या पिढीने संस्थान पाहिले नाही, पण ऐकले पुष्कळ. अशा घरांतून वाढलेल्या वाचकाला रूरिटेनिया परकी वाटत नाही.

कथा थोडक्यात सांगतो. रुडॉल्फ रॅसेंडिल हा एकोणतीस वर्षांचा इंग्रज तरुण. वर्षाकाठी जवळजवळ दोन हजार पौंडांचे उत्पन्न, त्यामुळे उद्योग काही नाही, आणि तो कधी काय करणार म्हणून वहिनीची बोलणी. रूरिटेनियाच्या राजघराण्याचे तांबडे केस आणि लांब सरळ नाक, पूर्वजांच्या एका जुन्या भानगडीमुळे, त्याच्याही वाट्याला आलेले. राज्याभिषेक पाहावा म्हणून तो तिकडे जातो आणि रानात थेट राजाशीच गाठ पडते. दोघे एका साच्यातले! त्याच रात्री राजाचा सावत्र भाऊ मायकेल याने पाठविलेल्या मद्याने राजा बेशुद्ध होतो. सकाळी अभिषेक, राजा उठत नाही. म्हातारा कर्नल सॅप्ट आणि तरुण फ्रिट्झ या परक्या माणसालाच राजवस्त्रे चढवून राजधानीत नेतात. एका दिवसाचे सोंग, पण तेवढ्यात मायकेलची माणसे खऱ्या राजाला उचलून झेंड्याच्या गढीत डांबतात आणि सोंग लांबत जाते. पुढील तलवारबाजी, खंदकातील पोहणे, रूपर्ट नावाच्या देखण्या खलपुरुषाचा निर्लज्ज दिमाख हे सारे वाचकांनी मुळातूनच वाचावे. ते सांगून संपवण्यासारखे नाही.

काटेकोरपणे पाहू जाता रॅसेंडिल हा काही सामान्य माणूस नव्हे. त्याचा थोरला भाऊ लॉर्ड आहे. परंतु सिंहासनावरून पाहिले असता खाली उभे असलेले सारे एकाच उंचीचे दिसतात.

खरी कथा आहे ती राजकन्या फ्लाव्हियाची. राजाशी तिचा विवाह व्हावा अशी प्रजेची इच्छा आहे, मायकेलचाही तिच्यावर डोळा आहे. म्हणून सॅप्ट या तोतयाला बजावतो की, राजकन्येचे मन राखणे हाही राजकर्तव्याचाच भाग आहे. तो कर्तव्य म्हणून आरंभ करतो आणि खरोखरच गुंततो. आता त्याची कोंडी पाहा. जे सर्वांत खरे बोलायचे आहे ते दुसऱ्याच्या नावाने बोलावे लागते. आणि तिची कोंडी तिला ठाऊकही नाही. ज्या राजाबद्दल तिला पूर्वी फारशी ओढ नव्हती, तो अभिषेकाच्या दिवसापासून बदलला आहे असे तिला जाणवते आणि त्या बदललेल्या माणसावर तिचे मन जडते. राजकन्येने सामान्य माणसावर प्रेम करावे, तेही तो राजा आहे या समजुतीने, आणि तरी ते प्रेम राजेपणावर नसावे! प्रेमाच्या कादंबऱ्यांत वेषांतरे रग्गड असतात. पण बहुधा राजपुत्र गुराखी होतो आणि शेवटी मुकुट काढून दाखवून सर्वांना सुखी करतो. येथे मुकुट उतरताच सारे हरपते.

शेवटी राजा सुटतो, सत्य उघड होते. अखेरच्या भेटीत रॅसेंडिलचा संयम क्षणभर सुटतो आणि तो तिला आपल्याबरोबर चलण्याची विनवणी करतो. ती नकार देते. प्रेम एवढेच जगात असते तर फाटक्या वस्त्रांनिशीही आले असते, पण आपल्या देशाशी आणि घराण्याशी आपण बांधलेल्या आहोत, असा तिच्या बोलण्याचा आशय. ती राजाशी विवाह करते. पुढे वर्षातून एकदा फ्रिट्झ ड्रेस्डेनला येतो, त्याच्याबरोबर एक छोटी पेटी असते आणि पेटीत एक तांबडे गुलाब.

११ डिसेंबर १९३६ रोजी इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड याने नेमके उलट उत्तर दिले. घटस्फोटित अमेरिकन स्त्रीशी विवाह करण्यासाठी त्याने वर्षही न झालेले राज्य सोडले. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, १९३७ मध्ये, हॉलीवूडने झेंडाचा गाजलेला बोलपट काढला. खरा राजा सिंहासन सोडून गेला असताना प्रेक्षक फ्लाव्हियासाठी डोळे पुसत होते.

मी स्वतः वीस-पंचवीस वर्षे वर्गात फ्लाव्हियाची बाजू मांडत आलो. मराठीच्या तासाला कर्तव्य आणि प्रेम असा विषय निघाला की ही कथा सांगायची, गुलाबाची पेटी आली की आवाज किंचित खाली आणायचा, हे ठरून गेले होते. मुले गप्प होत. मला ते गप्प होणे आवडत असे.

यंदा ते जीर्ण पुस्तक घरी आणले आणि आक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, ते चार दुपारी बसून वाचून काढले. आक्काबद्दल चार शब्द सांगायला हवेत. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो, धाकटा चौथीत. आक्का टायपिंग शिकून कचेरीत लागली. त्या सुमारास उज्जैनचे एक स्थळ आले होते. मंडळी चांगली होती, आणि मुलगा तिला पसंत होता असे आई पुढे कधीतरी बोलून गेली. आक्काने नकार कळवला. आम्हा दोघांची शिक्षणे झाली, माझे एम. ए. झाले. घरात आजही पाहुण्यांना अभिमानाने सांगतात, आक्काने आमच्यासाठी एवढे केले. मीही सांगतो.

पुस्तक मिटून ती म्हणाली, “गोष्ट छान आहे रे. पण एक सांग, तिला कोणी विचारलं होतं का?”

“विचारलं की! रुडॉल्फनं स्वतः विचारलं. तिनं स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं.”

“तो विचारतोय तोवर सगळं ठरून गेलं होतं. सॅप्टनं ठरवलं, लोकांनी ठरवलं, राजा सुटून आला. ती हो म्हणाली असती तर राज्य बुडालं असतं आणि सगळ्यांनी तिलाच बोल लावला असता. तिला फक्त नाही म्हणण्याचं काम उरलं होतं. ते तिनं नीट केलं.” मग थोडे थांबून, “आणि तुम्ही लोक ते वाचून डोळे पुसता.”

मी काय बोलणार? तिने चष्मा घरात ठेवला आणि चहा टाकायला उठली. उज्जैनचा उल्लेख तिने केला नाही, मीही केला नाही. चाळीसहून अधिक वर्षांत मी तिला एकदाही विचारलेले नाही. वर्गात मात्र दरवर्षी फ्लाव्हियाचे मन उलगडून सांगत आलो.

रात्री ते शेवटचे प्रकरण पुन्हा वाचले. आक्काचे म्हणणे पुरते पटले असे नाही. फ्लाव्हिया केवळ मुकाट मान डोलावणारी नाही. ती विचार करते, बोलते, आणि तिच्या शब्दांपुढे रॅसेंडिल स्वतःच्या विनवणीने ओशाळतो. परंतु एक गोष्ट पूर्वी कधी डोळ्यांत भरली नव्हती, ती आता भरली. कथा सांगतो तो रॅसेंडिल. फ्लाव्हियाचा नकार आपण त्याच्याच तोंडून ऐकतो, आणि तो तेथून निघून गेल्यावर तिच्या दिवसांचे काय झाले ते पुस्तकात नाही. गुलाब तेवढे येते.

१८९८ मध्ये याचा दुसरा भाग ‘रूपर्ट ऑफ हेंत्झाऊ’ निघाला. त्यात ते थोडेसे दिसते: राजा प्रकृतीने खचलेला व संशयी झालेला, राणी दुःखी, आणि तिने न राहवून रॅसेंडिलला लिहिलेले एक पत्र शत्रूच्या हाती पडते. राजा मारला जातो. राज्य आणि राणी दोन्ही रॅसेंडिलच्या पुढ्यात येतात. ती स्वीकारावीत की नाही याचा तो निर्णय घेतो, पण तो कोणाला सांगण्यापूर्वीच त्याला गोळी लागते. फ्लाव्हिया एकटी राज्य करीत राहते.

पुढचा भाग आहे हे आक्काला कळले आहे. परवा तिने विचारले, “मिळाला का रे?” एका स्नेह्याकडून तो आणून आठ दिवस झाले. माझ्या टेबलाच्या खणात आहे.