विश्लेषण : ‘पानी’ वाचणारे मूल चुकले की ‘एआय’?

मूल मोबाइलसमोर मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि चुकलेला शब्द दाखवते. वाचन शिकवणारी अशी ‘एआय’ साधने अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात उपयोगी ठरायची, तर सुरुवातीच्या वापरकर्त्यांचा अनुभव निर्णायक ठरतो. तो का आणि कसा टिपायचा?

आधी असा प्रयोग झाला आहे?
गूगलने मार्च २०१९ मध्ये ‘बोलो’ हे वाचन ॲप भारतात आणले. त्याआधी ‘असर सेंटर’च्या मदतीने उत्तर प्रदेशातील सुमारे २०० गावांत त्याची चाचणी झाली. तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचे वाचन सुधारल्याचे कंपनीने सांगितले. सुरुवात हिंदी-इंग्रजीपासून झाली, पुढे मराठीची भर पडली. मे २०२० मध्ये हेच ॲप ‘रीड अलाँग’ नावाने १८० देशांत पोहोचले.

मग इथे वेगळी चाचणी कशाला?
अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. सह्याद्रीलगतच्या अकोले तालुक्यातील आदिवासी पाड्यांची बोली वेगळी, मराठवाड्याला खेटून असलेल्या जामखेडची वेगळी. ‘पाणी’ला अनेक घरांत ‘पानी’च म्हणतात. मुलाने अक्षर ओळखले, पण उच्चार घरचा केला, तर ती वाचनातली चूक नव्हे. केवळ प्रमाण उच्चारांवर घडवलेले साधन मात्र तिला चूक ठरवू शकते.

रेटिंग पाहून हे कळत नाही?
नाही. सतत चुकीची खूण दिसली, तर मूल तक्रार करत नाही, मोबाइल खाली ठेवते. रेटिंग देतात ते बहुधा टिकून राहिलेले. म्हणून शिक्षकांच्या नोंदी मोलाच्या : मूल काय म्हणाले, ॲपने काय ऐकले, वाचन कुठे सुटले.

या नोंदींचे पुढे काय व्हावे?
त्यांची वर्गवारी हवी. उच्चाराचा प्रश्न असेल तर त्या भागातील मुलांचे आवाज साधनाच्या प्रशिक्षणात घ्यावे लागतात. वर्गातला गोंगाट किंवा नेटवर्कची अडचण असेल तर उपाय वेगळा. दुरुस्तीनंतर त्याच मुलांकडून पुन्हा वाचून घेतले, तरच फरक कळतो.

मुलांचे आवाज सहज घेता येतील?
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. शाळेने पालकसभेत हे समजावून सांगणे गरजेचे आहे.

चाचणी शहरात उरकून साधन गावोगाव वाटले, तर यंत्राच्या चुका मुलांच्या प्रगतिपुस्तकात जमा होतील.