जुगाड म्हणू नका!



विषय कडुनिंबाचा आहे, तेव्हा आज फार गोड बोलणं होईल अशी अपेक्षा ठेवू नये. नातेवाइकांपैकी कुणाला टोपी बसली तर ती त्यांनी खुशाल घालावी.

तीन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात आमच्या परसातला कडुनिंब आडवा झाला. वडिलांनी लावलेलं झाड. दुसऱ्या दिवशी बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला एकच, "वखारवाल्याला सांगा, वजनावर घेऊन जाईल." म्हणजे सरपण. ज्याच्या सावलीत आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी उन्हाळे काढले, त्याची किंमत किलोवर! मी ऐकलं नाही. बुंधा करवत गिरणीत नेला आणि त्याची तीन इंच जाडीची, सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी एक फळी काढून आणली. आमच्या सुताराने सांगितलं, "गुरुजी, इंचाला एक वर्ष धरा. तीन वर्षं हात लावायचा नाही." दोन्ही टोकांना उरलेला ऑइलपेंट फासला (टोकाकडून ओल झपाट्याने उडते आणि फळी तडकते), खाली सारख्या अंतरावर ठोकळे दिले आणि फळी पडवीत ठेवून दिली. तीन वर्षं घरच्यांची बोलणी खाल्ली.

लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वलयांच्या कडेकडेने जास्त आकसतं, गाभ्याकडे कमी. त्यामुळे आमच्या फळीला चांगलाच पीळ पडला. जमिनीवर ठेवली की एक कोपरा बोटभर वर. आता ही सपाट करायची कशी? इकडच्या रंधा मशीनचं तोंड फूट-सव्वा फुटाचं, त्यात अडीच फुटांची फळी शिरणार कुठून? राहिला हातरंधा. पण सुताराने पन्नाशी ओलांडली आहे आणि तीस-पस्तीस वर्षं रंधा ओढून त्याचा उजवा खांदा आता वर जात नाही. (हा सुतार माझा जुना विद्यार्थी. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

त्याने एक गाडी बनवली. फळीच्या दोन्ही बाजूंना दोन सरळ पट्ट्या, रुळांसारख्या. त्यांच्यावर आडवी सरकणारी एक पन्हाळ, तिच्या तळाला लांब चीर. पन्हाळीत राउटर बसवायचा, त्याचं पातं चिरेतून खाली डोकावतं. राउटर आडवा सरकवायचा, मग पन्हाळ थोडी पुढे, पुन्हा आडवा. पातं मिनिटाला हजारो फेरे फिरतं आणि दीड-दोन मिलिमीटर लाकूड खरवडत जातं. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आपण पाहिलेच आहेत. पाण्याबरोबर गरगर फिरणारे गोटे कातळ कोरतात. तत्त्व तेच, फक्त इथे खळगे पाडायचे नाहीत, मोडायचे आहेत.

हे चालू असताना आमचे पुण्याचे पुतणे आले. इंजिनिअर आहेत. त्यांनी फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, "काकांचं जुगाड!" खाली अंगठ्यांचा पाऊस.

चिरंजीव, तुम्ही कौतुकाने लिहिलंत हे मला कळतं. पण मी भाषेचा मास्तर आहे, शब्द चुकला की मला झोप येत नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. चप्पल तुटली, सेफ्टी पिन लावली, एसटी गाठली. त्यात वाईट काही नाही, पण ते तात्पुरतं असतं आणि "चालतंय की" हे त्याचं ब्रीद. या गाडीत भागवाभागवी कुठे दिसली तुम्हाला?

सांगतो काय झालं ते. दोन्ही रूळ एका पातळीत हवेत. सुताराने दोन दोऱ्या घेतल्या आणि रुळांच्या चार टोकांवरून कर्णरेषांसारख्या ताणल्या. मधोमध त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. टेकल्या. मग त्याने वरची दोरी खाली आणि खालची वर घेतली. आता मधे फट दिसली. म्हणजे आधी दोरी टेकत नव्हती, दाबत होती. एका टोकाखाली कागदाच्या घड्या सरकवत गेला. दोन्ही वेळा जेमतेम टेकेपर्यंत त्याने राउटरला हात लावला नाही. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा एकच प्रतल ठरवतात, हे आपण भूमितीत पाठ केलं. त्याने ते दोरीने करून दाखवलं.

पट्टी सरळ आहे हे कशावरून? तिच्या कडेने फरशीवर रेघ मारली, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांतून दुसरी रेघ मारली. दोन रेघांत जेवढी फट, त्याच्या निम्मी चूक. इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० च्या सुमारास लोखंडाचे सपाट पृष्ठभाग कसे मिळवावेत हे मांडलं. दोन पत्रे एकमेकांवर घासून भागत नाही, कारण एक फुगीर आणि एक खोलगट असले तरी ते जुळतात. तीन घ्या आणि आळीपाळीने प्रत्येकाशी प्रत्येक जुळवा, मग लपायला जागा उरत नाही. आमच्या सुताराने व्हिटवर्थचं नाव ऐकलेलं नाही. पण आपल्याच मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही, ते उलटून पाहायचं, ही जात तीच.

आणि पहिली पन्हाळ त्याने फेकून दिली! प्लायवूडची केली होती. राउटरच्या वजनाने मधे केसभर झुकत होती, त्यामुळे फळी मधे खोल जाऊ लागली. मला तर दिसतही नव्हतं. मी म्हणालो, "चालेल रे, टेबलच तर आहे." तो म्हणाला, "नाही चालणार गुरुजी." दुसऱ्या दिवशी लोखंडी अँगलची केली. आता सांगा, "चालतंय की" कोण म्हणत होतं? मास्तर. जुगाडू कोण ठरला?

वाकड्या साधनांतून सरळपणा मिळवण्याच्या या रीतीला जुगाड म्हणणं म्हणजे तिच्यातली अक्कल काढून घेणं. हेच एखाद्या परदेशी प्रयोगशाळेत केलं असतं तर आपण त्याला 'फिक्श्चर' म्हटलं असतं.

आता दुसरी तक्रार, माझ्या बरोबरीच्या निवृत्त मित्रांची. "मशीनने केलंस होय? हातरंध्याची सर नाही त्याला." मी विचारलं, आयुष्यात किती फुटं लाकूड रंधलंत? एकानेही रंधा हातात धरलेला नव्हता. दुसऱ्याच्या खांद्यावर परंपरा जपणं फार सोपं असतं. अमेरिकेतले जपानी वंशाचे सुतार जॉर्ज नाकाशिमा अख्ख्या बुंध्याच्या फळ्यांच्या टेबलांसाठी जगभर नावाजले. १९३० च्या दशकात पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातल्या 'गोलकोंड' इमारतीवर त्यांनी काम केलं होतं. त्यांनाही यंत्र वर्ज्य नव्हतं. राबणूक यंत्राला, निवड माणसाला. कुठली बाजू वर ठेवायची, कुठल्या भेगेखाली पाचर द्यायची, कुठे थांबायचं, हे राउटरला कळत नाही. वर गेलेल्या कोपऱ्याखाली पाचरी न देता आम्ही सुरू केलं असतं, तर राउटरच्या दाबाने फळी डुगडुगली असती आणि तोच पीळ पुन्हा कोरला गेला असता.

आता तिसरा आरोपी. दोऱ्या ताणत असताना सुतार हसत हसत म्हणाला, "गुरुजी, आठवतं का? आठवीत तुम्ही मला म्हणाला होतात, अभ्यास कर, नाहीतर बापासारखा रंधा मारत बसशील."

मला आठवत नव्हतं. पण मी म्हटलं असणार यात शंका नाही. आम्ही सगळेच म्हणायचो. तो हसत होता, मला मात्र हसू आलं नाही. त्या एका वाक्यात मी त्याच्या बापाला, त्याच्या हाताला आणि भूमितीलाही नापास केलं होतं. वर्गात त्याला प्रमेय येत नव्हतं हे खरं. पण त्या प्रमेयाचा घरातल्या गुण्याशी काही संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलं? मी भाषेचा, गणितवाल्यांना त्याची गरज वाटली नाही.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातउद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला. आम्ही काय केलं? कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात ठेवला आणि त्यात राहिलेला पोर्शन उरकला. मीही उरकला. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू करून मुलांना हाताने शिकवून दाखवलं. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. आम्हाला ते करायचं नव्हतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांकडे शिकण्याची सूचना आहे. त्यात सुताराचा उल्लेख आहे. माझं म्हणणं एवढंच, सुताराला शाळेत बोलवाल तेव्हा नारळ-टोपी देऊन फोटोपुरतं बोलवू नका. मानधन द्या, फळा द्या आणि गणिताच्या शिक्षकाला त्याच्या शेजारी उभं करा. दोघांनाही काही शिकायला मिळेल.

फळी आता पडवीत पायांवर उभी आहे, जवसाचं तेल पिऊन तांबूस झाली आहे. एका कोपऱ्यात रुपयाएवढा खोलगट भाग राहिला. तो काढायचा तर सगळी फळी आणखी दोन मिलिमीटर उतरवावी लागली असती. सुतार म्हणाला, "राहू द्या, जाडी जाईल." ते 'चालेल' नव्हतं, तो निर्णय होता. दोन्हींतला फरक मला सत्तरी उलटल्यावर कळला.

असो. फार लांबलं. पुतणेबुवा, दिवाळीत याल तेव्हा याच टेबलावर फराळ मिळेल. त्याआधी ग्रुपवरचा शब्द तेवढा बदला.