आकाशातला निरोप्या

बालमित्रांनो, अशी कल्पना करा की डोंगराच्या दोन बाजूंना दोन गावं आहेत. अलीकडच्या गणूने कितीही घसा फोडला, तरी पलीकडच्या सखूला काही ऐकू जायचं नाही. पण डोंगरमाथ्यावर तिसरा गडी उभा केला तर? गणूचं बोलणं ऐकून तो तेच मोठ्याने सखूला सांगेल.

हौशी रेडिओवाल्यांना 'हॅम' म्हणतात. त्यांचा असा गडी म्हणजे 'रिपीटर' हे यंत्र! हातातल्या रेडिओच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगर किंवा पृथ्वीची गोलाई आड आली, की बोलणं खुंटलं. म्हणून रिपीटर उंचावर बसवतात.

उंच म्हणजे किती? चक्क ४०० किलोमीटर! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या 'कोलंबस' या भागातला हॅम रेडिओ जुना झाला होता. स्वयंसेवक हॅम मंडळींनी पाच वर्षं खपून त्याच्या जागी नवा संच तयार केला. मार्च २०२० मध्ये तो यानातून वर गेला. अंतराळवीर ख्रिस कॅसिडी यांनी तो बसवला आणि २ सप्टेंबर २०२० रोजी रिपीटर सुरू झाला.

हा रिपीटर १४५.९९० मेगाहर्ट्झवर ऐकायचा आणि त्याच क्षणी ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलायचा. दोन वेगळ्या लहरी कशाला? अहो, आपण ओरडत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येते का? तसंच आहे हे. शिवाय बोलणाऱ्याच्या आवाजासोबत ६७ हर्ट्झचा बारीक गुंजारव लागायचा. ती जणू दाराची किल्लीच! किल्ली नसेल तर दार बंद, त्यामुळे भलतीच खरखर पुढे जात नसे.

पण गंमत पुढेच आहे. २७ जानेवारी २०२१ रोजी अंतराळवीरांनी स्थानकाबाहेर नव्या केबल जोडल्या आणि रेडिओ मुका झाला! शाळकरी मुलं याच रेडिओवरून अंतराळवीरांशी बोलत. त्यांच्या गप्पा आता स्थानकाच्या रशियन भागातल्या दुसऱ्या रेडिओवरून कराव्या लागल्या. शेवटी १३ मार्चला व्हिक्टर ग्लोव्हर आणि माइक हॉपकिन्स अंतराळपोशाख घालून बाहेर पडले. त्यांनी केबलची जोडणी पहिल्यासारखी केली आणि रेडिओला पुन्हा वाचा फुटली.

पाहिलंत? पाच वर्षांची मेहनत एका केबलपाशी अडली होती. म्हणून घरातला रेडिओ बंद पडला, तर तो लगेच मोडीत काढू नका. आधी आई-बाबांना सोबत घेऊन प्लग, वायर आणि एरियल तपासा, बरं का!

आणि हो, आपल्या देशात वयाची बारा वर्षं पूर्ण झाली, की परीक्षा देऊन हॅमचा परवाना मिळवता येतो. स्थानक डोक्यावरून जातं ते जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात कुणाला काय निरोप द्याल? वहीत लिहून ठेवा पाहू!