शस्त्रक्रिया मोजता, नजर कधी मोजणार?

गुलमंडीच्या बाजारपेठेत कापड मोजणारा, हातगाडी ओढणारा, शिलाई मशीन चालवणारा माणूस डोळ्यांच्या भरवशावर पोट भरतो. त्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिबिरांतून मोफत होऊ लागली, हे स्वागतार्हच आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. परंतु त्याचे यश प्रामुख्याने शस्त्रक्रियांच्या आकड्यांत मोजले जाते. नजर किती आली आणि किती टिकली, हा प्रश्न मागेच पडतो.

पट्टी निघते, स्वच्छ दिसू लागते, माणूस कामावर जातो. पुढे चार ते बारा आठवड्यांत काही जणांना त्याच डोळ्याने पुन्हा धूसर दिसते, सरळ रेघा वाकड्या भासतात. लोक म्हणतात, ऑपरेशन बिघडले. पुष्कळदा कारण निराळेच असते. शस्त्रक्रियेनंतरच्या दाहामुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साचून सूज येते. १९५३ मध्ये डॉ. अर्विन यांनी हा विकार नोंदवला, १९६६ मध्ये डॉ. गॅस यांनी त्याचे स्वरूप स्पष्ट केले. बहुतेकांची सूज औषधी थेंबांनी काही आठवड्यांत वा महिन्यांत उतरते आणि नजर सुधारते. काहींना डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. मधुमेह असलेल्यांना धोका अधिक. सूज फार काळ राहिली, तर मात्र नजरेचे कायमचे नुकसान होऊ शकते.

खरी मेख इथेच आहे. डोळा बहुधा दुखत नाही, लालही होत नाही. तपासणीला जावे तर स्वतःची आणि सोबत्याची मजुरी बुडते. मग ‘वय झाले’ म्हणून माणूस गप्प बसतो. शिबिराची गाडी शस्त्रक्रियेसाठी दारात येते. सहा आठवड्यांनी तीच गाडी पुन्हा का येऊ नये?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर तपासावी. फेरतपासणीची तारीख कार्डावर लिहून प्रवासखर्च द्यावा. पडद्याची सूज दाखवणारी ओसीटी तपासणी आणि थेंब मोफत मिळावेत. सहा आठवड्यांनंतर किती रुग्णांना नीट दिसते, हे प्रत्येक शिबिराने जाहीर करावे.

कार्यकर्त्यांनीही वस्तीतील शस्त्रक्रिया झालेल्यांची यादी करावी. एकेक डोळा झाकून दाराची चौकट सरळ दिसते का, एवढे विचारावे. वाकडी वा धूसर दिसली, तर त्यांना तातडीने घाटीत न्यावे. मोफत उपचार हा आपला हक्क आहे आणि तो पट्टी निघाल्याबरोबर संपत नाही.