उशीखालचा फोन

गच्चीवर मोबाइल टॉवर येणार म्हटले, की नाशिकच्या मोहल्ल्यांत काळजी सुरू होते. फजरच्या अलार्मचा फोन मात्र आपण उशीखालीच ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कर्करोगकारक असू शकतात’ अशा गटात ठेवल्या. म्हणजे शंका आहे, पुरावा अपुरा आहे. भारतात शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. बहुतेक फोनवर *#०७# दाबल्यास त्या फोनचा आकडा दिसतो. अंतर वाढले, की लहरी झपाट्याने क्षीण होतात. रेंज कमी असली, की फोन जास्त जोर लावतो. म्हणून लांब बोलणे स्पीकरवर करा. मुलांच्या उशाशी फोन नको. अलार्म खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. बंद करायला उठावेच लागेल, फजरही चुकणार नाही.