फक्त हुक लावायचेत

लग्नसराईत ब्लाउज आणायला गेलेल्या प्रत्येकीने हे वाक्य ऐकलेलं आहे. आपल्यापैकी शिवायला घेणाऱ्या प्रत्येकीने ते एकदा तरी म्हटलेलंही आहे. "झालाय हो ताई, फक्त हुक लावायचेत. संध्याकाळी न्या." संध्याकाळी जावं तर तुरपाई राहिलेली असते, दुसऱ्या दिवशी लटकन. गिऱ्हाईक मनात म्हणतं, ही थापा मारते. पण ती थाप नसते. शिवणारीला खरोखरच वाटत असतं की ब्लाउज झालाय. कटोरी बसली, बाही चढली, मशीनवरून कापड उतरलं, की तिच्या लेखी काम संपलं. उरलं ते 'फक्त'.

जानेवारीत आपल्यापैकी अनेकींनी यादी केली असेल. वर्षभरात बारा वस्तू, किंवा महिन्याला एक ब्लाउज आणि हिवाळ्याआधी दोन स्वेटर. आता डिसेंबर लागलाय. ती यादी पुन्हा काढून बघा. निम्म्या वस्तूंपुढे हाच शब्द सापडेल: फक्त एक बाही, फक्त चेन, फक्त चौकोन जोडायचेत. या महिन्याचं संपादकीय त्या एका शब्दाबद्दल आहे.

सुरुवात माझ्याच कपाटापासून करते. गेल्या महिन्यात वरच्या फळीवरून एक पिशवी काढली. आत पिवळ्या लोकरीचं लहान मुलीचं कार्डिगन होतं. पाठ, पुढचे दोन भाग, दोन्ही बाह्या, सगळं विणून जोडलेलंसुद्धा. उजव्या कडेला सुई तशीच अडकलेली, तिच्यावर बटणपट्टीच्या पाच ओळी. भाचीच्या मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी घेतलं होतं. ती मुलगी आता दुसरीत आहे. कोणी विचारलं की मी सांगत आले, वेळच झाला नाही. पिशवी उघडल्यावर खरं कारण समोर आलं. पट्टी झालरीसारखी लाटा मारत होती.

का, ते मोजल्यावर लगेच कळलं. मध्यम जाडीची लोकर ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी विणली, की १० सेंटिमीटरला साधारण २२ टाके आणि ३० ओळी भरतात. टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. म्हणून उभ्या कडेवरून पट्टीसाठी टाके उचलताना चार ओळींमागे तीनच उचलायचे, चौथी ओळ सोडायची. माझी कड २८ सेंटिमीटरची, ८४ ओळींची. ६३ टाके पुरे होते. मी इमानेइतबारे ८४ उचलले होते. जादा २१ टाके जाणार कुठे? हा नियम मी याच मासिकात छापलेला आहे. पण वाढदिवसाच्या आदल्या रात्री, टीव्हीसमोर, घाईत उचलताना तो आठवला नाही. पाच ओळींनंतर चूक दिसली, उसवायचा कंटाळा आला, आणि पिशवी वर गेली. अर्ध्या तासाच्या उसवणीपायी पाच वर्षं गेली.

यातून एक गोष्ट नीट दिसली. वस्तू वाटेल तिथे अडत नाही, तिच्या अडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. स्वेटर अडतो गळ्याचे टाके उचलताना किंवा भाग जोडताना. शर्ट कॉलरशी आणि काजांशी अडतो, फ्रॉक चेनशी, गोधडी कडपट्टीशी, क्रोशाचं पांघरूण चौकोन जोडताना आणि धाग्यांची टोकं लपवताना. या सगळ्या जागी हाताची लय मोडते. तोवर एकच हालचाल चाललेली असते, गप्पा मारता मारता ओळ सरकत असते. इथे मात्र उठून टेबलाशी बसावं लागतं. मोजपट्टी लागते, टाचण्या लागतात, चांगला उजेड लागतो आणि गप्प बसून मोजावं लागतं. म्हणजे हा आधीच्या कामाचा उरलेला तुकडा नाही. हे दुसरंच काम आहे, आणि आपण त्याला पहिल्याच कामाच्या शेवटच्या रात्रीत कोंबतो.

बाजाराला हे कधीचं ठाऊक आहे. शर्टांचे गठ्ठे शिंप्याकडून काजबटणवाल्याकडे जातात. साडीच्या फॉल-पिकोची दुकानंच वेगळी असतात. हुक-तुरपाईचे ब्लाउज आसपासच्या बायका नगावर घरी नेतात. प्रत्येक कामाला हात वेगळा आणि दरही वेगळा. ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणींना म्हणून सांगणं आहे, की हिशेबाच्या वहीत हुक, तुरपाई, काज, इस्त्री यांची ओळ निराळी धरा. त्या कामाचा दर लिहिला, तरच त्याचा वेळ धरला जाईल. आणि गिऱ्हाइकाला तारीख देताना कापडाचा नियम लावा. बाजूच्या शिवणीत आपण इंचभर माया ठेवतो, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. तारखेतही तशी दोन दिवसांची माया हवी.

चौकोन जोडण्यावरून चेन्नईचं पांघरूण आठवलं. २०१६ साली 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण करून गिनीजमध्ये नोंद केली. ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी चौकोन विणले होते. ते जोडले नसते तर विक्रम झालाच नसता, उरले असते नुसते चौकोनांचे ढीग. आपल्या पिशव्यांत लहान प्रमाणावर तेच पडून असतं.

दुसरी आठवण जवळची आहे. उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. मूळ आफ्रिकेचे हे लोक. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून तिकडे गेले, आणि कित्येकांच्या घरात आजही कोकणी बोलली जाते. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकटीमागून चौकट आत आत येत मधोमध संपतो. चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांचे त्रिकोण बसवतात, त्यांना म्हणतात 'फुला'. पांघरणाऱ्याला त्यांचा तसा काही उपयोग नाही, त्यांनी ऊबही वाढत नाही. पण फुला नसलेली कवंदी त्यांच्या लेखी नागडी. काम कुठे पूर्ण होतं याची जागा त्या समाजाने ठरवून टाकलेली आहे. शिवणारीला तिथे 'फक्त कोपरे राहिलेत' म्हणून सुटता येत नाही.

आता वर्षाच्या आखणीबद्दल. एलिझाबेथ झिमरमन या विणकाम-लेखिकेचं 'निटर्स ऑल्मनॅक' हे पुस्तक १९७४ साली अमेरिकेत निघालं. बाई जन्माने इंग्लंडच्या, पण राहिल्या विस्कॉन्सिनच्या कडाक्याच्या थंडीत. पुस्तकात बारा महिन्यांची बारा प्रकरणं आहेत. जानेवारीत अरान नमुन्याचा जड स्वेटर. जुलैत प्रवासात सोबत नेता येईल अशी गोल शाल. डिसेंबरात जाड लोकरीचा, ऐनवेळी झटपट होणारा स्वेटर. महिना बघून काम ठरवणं हे त्या आखणीतलं घेण्यासारखं. यादी मात्र जशीच्या तशी उचलली तर आपण फसू, कारण आपली थंडी तिकडची नाही.

पुण्या-नाशकात थंडी दिवाळीनंतर चढते आणि संक्रांतीनंतर उतरायला लागते. दिवाळीत सुईवर टाके घातले तर स्वेटर फेब्रुवारीत हाती येतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मूल त्यातून बाहेर गेलेलं असतं. म्हणून माझ्या मते आपलं वर्ष असं लावावं. चैत्र-वैशाखात सुती शिवण आणि क्रोशाची तोरणं-रुमाल, कारण घामेजल्या हातात लोकर सुईवरून सरकत नाही. लोकर पावसाळ्यात सुरू करावी. गणपतीपर्यंत सगळे भाग विणून व्हावेत, नवरात्रात फक्त जोडणी (इथे हा शब्द चालेल, कारण इथे त्याचा अर्थ 'दुसरं काही नाही' असा आहे), आणि दिवाळीला घडी तयार. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की ऑर्डरी घेणाऱ्यांनी स्वतःचं काम काढूच नये. पावसाळ्यातली एक काळजी सांगून ठेवते. काम थांबवायचं असेल तर टाके लोखंडी सुईवर ठेवू नका, जाड सुती दोऱ्यावर ओवून ठेवा. दमटपणाने सुई गंजते आणि तो डाग लोकरीवरून निघत नाही.

पण कोणतंही वेळापत्रक वस्तू पूर्ण करून देत नाही. पूर्ण करून देणारी गोष्ट मला वेगळीच वाटते. इतक्या वर्षांत अर्धवट राहिलेले स्वेटर, पडदे, सलवारी मी पुष्कळ पाहिल्या. बोरनहाणाचं काळं झबलं अर्धवट राहिलेलं अजून पाहिलेलं नाही. रात्री दोनला का होईना, ते पूर्ण होतं. त्याची तारीख पंचांगात आहे आणि अंगात घालणारा पलंगावर लोळतोय. 'या वर्षी बारा वस्तू' या संकल्पात दोन्ही नाही. बारा हा आकडा थंडीत कुडकुडत नाही, दारात येऊन "झालं का?" असं विचारतही नाही. तेव्हा पुढच्या वर्षाच्या यादीत प्रत्येक वस्तूसमोर दोन गोष्टी लिहा: कोण घालणार आणि कोणत्या दिवशी. ज्या ओळीपुढे नाव सुचत नाही, ती वस्तू सुरू करण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

राहिला या महिन्याचा प्रश्न. उरलेल्या दिवसांत नवीन टाके घालू नका, नवीन कापड कापू नका. सगळ्या पिशव्या बाहेर काढा आणि प्रत्येकीत एक चिठ्ठी टाका: कुठे अडलं, का अडलं, काय लागेल. 'वेळ नाही' हे कारण चिठ्ठीवर चालणार नाही. चेन मिळत नाही, काज येत नाही, गळा मोठा झालाय, असं काहीतरी नेमकं लिहा. मग एका जातीची कामं एका बैठकीत घ्या. पाच ब्लाउजचे हुक एका दुपारी, सगळ्या लोकरीची टोकं एका संध्याकाळी. सुई ओवलेली असते, हात बसलेला असतो, तिसऱ्या ब्लाउजनंतर वेग येतो.

जुनं विणकाम पुन्हा हाती घेताना आधी चार ओळी विणून मोजा. महिनोन्‌महिने गेले की हाताची घट्टी बदलते. आधी १० सेंटिमीटरात २२ टाके होते आणि आता २१ च भरत असतील, तर एक नंबर बारीक सुई घ्या, ८ च्या जागी ९. विणून झालेल्या लोकरीच्या भागांना जोडण्याआधी ओलं करून, मापात टाचून वाळवा. कडा सरळ होतात आणि जोडणी निम्मी सोपी होते. अॅक्रिलिक असेल तर गरम इस्त्री टेकवू नका. एकदा चपटं झालं की त्याचा फुगीरपणा परत येत नाही.

आणि काही पिशव्या पूर्ण करायच्याच नसतात. रंग आता आवडत नाही, माप गेलं, नमुना फसला. अशी वस्तू उसवा. आपल्या आया दर दोन-तीन वर्षांनी मुलांचे स्वेटर उसवत, लोकरीच्या लडी करून कोमट पाण्यात भिजवत, वाळत टांगून तिची वळणं काढत, आणि कमी पडलेल्या लोकरीच्या जागी दुसऱ्या रंगाचा पट्टा घालून मोठ्या मापाचा स्वेटर विणत. उसवणं हा त्यांच्या हिशेबाचाच भाग होता. उसवलेली वस्तूही यादीतून बाहेर जाते, मनावरचं ओझं उतरतं आणि लोकर पुन्हा हाताशी येते.

पुढच्या अंकासाठी आपापली यादी पाठवा. किती झालं ते नको, कुठे अडलं ते कळवा. दहा जणींचं काजांशी अडलेलं दिसलं तर फेब्रुवारीचा अंक काजांवरच काढू.

माझी चिठ्ठी मीच आधी लिहिते. पिवळं कार्डिगन, अडलं बटणपट्टीशी, कारण, चूक मान्य करून उसवायचा कंटाळा. 'कोण घालणार' पुढे आता नवं नाव आहे. आमच्या सोसायटीतल्या वॉचमनची धाकटी मुलगी नुकती दोन वर्षांची झाली, बाही तिच्या हाताला लावून पाहिली. तारीख संक्रांतीची. दोन्ही पट्ट्या ६३ टाक्यांवर सपाट बसल्या आहेत, काजं झाली आहेत. पाच वर्षांपूर्वी घेतलेली सहा लाकडी बटणं त्याच पिशवीत, त्याच कागदात सापडली. ती लावायची आहेत. त्यासाठी आज रात्री जेवणानंतरचा पाऊण तास राखून ठेवलाय, टीव्ही बंद करून.